मित्राबरोबर लाओसला चाललोय. मैत्री परत येईल का?

मधला_बर्थ | १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी.

जानेवारीत मी आणि माझा एक मित्र, दोघंच, पाठीवर सॅक टाकून अठरा दिवस लाओसला चाललोय. घरून परवानगी मिळाली आहे (माझ्या घरून जरा संशय यावा इतक्या पटकन). थायलंडला ऑफिसच्या कृपेने एकदा जाऊन आलोय, पण लाओसबद्दल पाटी कोरी.

ढोबळ मार्ग असा: बँकॉकहून चियांग राय, तिथून बसने चियांग खोंग, सीमेपलीकडे हुआय साय. मग मेकाँगवरून दोन दिवसांची संथ बोट लुआंग प्रबांगपर्यंत. पुढे वांग व्हिएंग, राजधानी व्हिएन्टिन, आणि दिवस उरले तर दक्षिणेला पाक्से आणि मेकाँगमधली 'चार हजार बेटं'.

पण खरा प्रश्न मार्गाचा नाही, पंताचा आहे. पंत म्हणजे माझा मित्र. होस्टेलात मेसचा हिशेब ठेवायचा, तेव्हापासून हे नाव. बावीस वर्षांची दोस्ती आहे, पण प्रवासात सलग दोन रात्रींपेक्षा जास्त आम्ही एकत्र काढलेल्या नाहीत, त्यातली एक राजमाचीला पावसात, झोपेविना. तो अंडंही न खाणारा शाकाहारी, मी चालतं-पोहतं सगळं खाणारा. तो पहाटे पाचला उठतो, मला आठच्या आत माणसं ओळखू येत नाहीत. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने खर्चाची एक्सेल शीट उघडली. त्यात 'चहा' असा वेगळा रकाना आहे.

कोणी असं मित्राबरोबर, अनोळखी देशात, इतके दिवस फिरलंय का? पैसे, जेवण आणि भांडणं कशी निभावलीत?

खारे_दाणे

'चहा' रकान्यापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. वाचतेय.

वाटसरू_नाशिक

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघे मेहुणे याच मार्गाने गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिसा सीमेवर पोचल्यावर मिळाला, आम्हाला माणशी चाळीस डॉलर पडले. जाण्याआधी आताचा नियम बघून घ्या, बदलत असतो. डॉलर मात्र कोरे करकरीत न्या. माझ्या एका नोटेला नखाएवढी चीर होती, तर काउंटरवरच्या बाईंनी ती दोन बोटांत धरून झुरळ परत द्यावं तशी परत दिली. पासपोर्ट फोटोही जवळ ठेवा.

बोट. नावाप्रमाणेच संथ. लांबट लाकडी होडी, आणि बसायला जुन्या व्हॅनमधून काढलेल्या सीटा, काही नुसत्याच फळीवर ठेवलेल्या. इंजिन मागे असतं, तेव्हा पुढची जागा धरा, नाहीतर दोन दिवस खुणांनी बोलावं लागेल. पहिल्या दिवशी सहा-सात तासांनी पाकबेंग येतं. गाव म्हणजे धक्क्यापासून वर चढत जाणारा एक रस्ता आणि दोन्ही बाजूला गेस्टहाउस. रात्र तिथे, सकाळी पुन्हा बोट. खाणं बरोबर घ्या, बोटीवर कपातले नूडल्स आणि बिअर याखेरीज फारसं काही नसतं. आणि जानेवारीत सकाळी नदीवर खरंच थंडी वाजते. आम्ही 'दक्षिण-पूर्व आशिया, गरमच असणार' म्हणून गेलो आणि मेहुण्याने टॉवेल पांघरून सकाळ काढली.

शेवटी बोट लुआंग प्रबांग गावात सोडत नाही, दहाएक किलोमीटर अलीकडेच सोडते. तिथून टुकटुक. इथे वाद घालायची सगळ्यांना खुमखुमी येते. घालू नका.

बोटावरचे_गणित

लाओसचं चलन किप. सगळ्यात मोठी नोट एक लाखाची, त्यामुळे पहिल्या दिवशी लक्षाधीश झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं फिरतं. सध्या रुपयाला साधारण अडीचशे किप बसतात, तेव्हा हिशेब सोपा: शेवटची तीन शून्यं झाका आणि चारने गुणा. पन्नास हजारांचं जेवण? पन्नास चोक दोनशे रुपये.

पैशांसाठी आम्ही (तीन मैत्रिणी, व्हिएतनाम, २०१९) एकच उपाय केला. एक सामायिक पाकीट. रोज सकाळी प्रत्येकीने सारखी रक्कम टाकायची. खोली, गाडी, जेवण सगळं त्यातून. कोणी काय खाल्लं ते मोजायचं नाही. वैयक्तिक खरेदी आणि बिअर आपापल्या खिशातून. शेवटच्या दिवशी उरले ते विमानतळावर आइस्क्रीममध्ये गेले.

उरलेल्या किप देशाबाहेर कोणी बदलून देत नाही, हेही लक्षात ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत मोजूनच काढा.

हरभऱ्याचं_झाड

उलटं मत मांडतो, राग नसावा. मित्राबरोबर इतके दिवस जाऊच नये. बायकोबरोबर भांडलात तर घरी परतायचंच असतं, त्यामुळे मिटतं. मित्राबरोबर परत आलात की दोघं आपापल्या घरी, आणि अबोला सुखाने वर्षभर चालू राहतो. स्वानुभव. कंबोडिया, २०१६, मित्र नाशिकचा.

वाटसरू_नाशिक

@हरभऱ्याचं_झाड, आमचं गाव का मधे ओढता?

सांडगी_मिरची

पंतांसाठी लिहिते, कारण मीही शाकाहारी आणि तिथे दहा दिवस जगून आलेय.

'किन जे' हा शब्द पाठ करायला सांगा. म्हणजे शाकाहारी खाणारा. शिवाय 'बो साय सिन, बो साय पा', मांस घालू नका, मासे घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'बो साय पाडेक'. पाडेक म्हणजे मासे आंबवून केलेला गढूळ रस्सा, तो तिथे आपल्या मिठासारखा पडतो. कच्च्या पपईचा कीस दिसायला निरागस, पण आत पाडेक असतोच. तो ताटात नाही, थेट उखळीत पडतो, त्यामुळे कुटायच्या आधी सांगा. कुटून झाल्यावर सांगितलं तर बाई फक्त हसते.

चिकट भात मात्र सुख आहे. बांबूच्या छोट्या झाकणाच्या टोपलीत वाफाळता येतो. चिमूटभर घ्यायचा, बोटांत दाबून गोळी करायची आणि चटणीत बुडवायची. लाओसला आपल्यासारखंच हाताने खातात, हे पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं.

आता माझी फजिती. लुआंग प्रबांगला काइपेन मिळतं, नदीतलं शेवाळ वाळवून, तीळ-लसूण लावून तळलेलं. थेट आपल्या पापडाची बहीण. बरोबर तांबडी-काळी, गोडसर तिखट चटणी. मी तीन दिवस ती चटणी मिटक्या मारत खाल्ली, एक बाटली घरी न्यायलाही घेतली. चौथ्या दिवशी गेस्टहाउसच्या मालकिणीला कृती विचारली. मिरची, लसूण, आल्यासारखं गलांगल, आणि म्हशीचं कातडं.

खारे_दाणे

बाटलीचं काय केलंत ते सांगा आधी.

सांडगी_मिरची

दिराला दिली. त्याला अजून सांगितलेलं नाही. हा धागा तो वाचत नाही अशी आशा.

कातळकडा

दक्षिणेला जाणार असाल तर चंपासाकजवळचं वट फू चुकवू नका. पाक्सेपासून अर्ध्या दिवसाचं काम. ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर, २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मागच्या डोंगराच्या माथ्यावर निसर्गानेच उभारलेला सुळका आहे, त्यावरून जुन्या लेखांत डोंगराचं नाव लिंगपर्वत आहे. आमच्यासारख्या सुळके बघत हिंडणाऱ्यांना तो दुरूनच हाक मारतो.

मंदिर डोंगराच्या पायथ्याशी नाही, कुशीत आहे. वर जायला उंच, झिजलेल्या पायऱ्या, आणि दोन्ही बाजूला म्हातारे चाफे, पायऱ्यांवर वाकलेले. गाभाऱ्यात आज बुद्धमूर्ती आहेत. पण मागे कड्याखाली एक झरा आहे. पूर्वी त्याचं पाणी दगडी पन्हळीतून थेट आत लिंगावर आणलं होतं. अखंड अभिषेक, पुजारी नको की कळशी नको. आत्ता दिसतात त्यातल्या बऱ्याच इमारती अकराव्या ते तेराव्या शतकातल्या, म्हणजे आपल्या अंबरनाथच्या देवळाच्या (१०६०) आगेमागे. त्या झऱ्याखाली मी पाच मिनिटं डोकं धरून उभा होतो. शेजारी लाओ आजीबाई बाटल्या भरत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी एक बाटली माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत.

देठासकट

चाफा कुठला? सोनचाफा की देवचाफा?

कातळकडा

देवचाफा. पांढरा, मधे पिवळा, तोडला की चीक येतो तो. तिकडे त्याला डोक चंपा म्हणतात आणि ते त्यांचं राष्ट्रीय फूल आहे.

देठासकट

आमच्याकडे त्याला खुरचाफा म्हणतात.

हरभऱ्याचं_झाड

आमच्याकडे नुसता चाफा. धागा लाओसचा आहे ना?

दूरचा_दिवा

बँकॉकला अकरा वर्षं आहे, लाओसला कामानिमित्त जाणंयेणं. दोन गोष्टी सांगते, दोन्ही गंभीर आहेत.

पहिली, दारू. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले. बहुतेक जण तिशीच्या आतले होते. फुकटचे शॉट, बादलीतलं कॉकटेल, तांदळाची घरगुती दारू, यातलं काहीही घेऊ नका. बिअर घ्यायची तर बंद बाटली समोर उघडून. दृष्टी धुरकटली तर 'चढली असेल' म्हणून झोपायचं नाही, तडक दवाखाना. मोठी आजारपणं तिथे निभत नाहीत, लोकांना सरळ थायलंडला हलवतात. म्हणून विमा हवाच.

दुसरी, बाँब. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बाँब टाकले. त्यात क्लस्टर बाँबमधले साधारण सत्तावीस कोटी छोटे बाँब होते, क्रिकेटच्या चेंडूएवढे. त्यातले तीसएक टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतांत आहेत, नांगराला लागतात, पोरं खेळणं समजून उचलतात. व्हिएन्टिनला कोप नावाचं केंद्र आहे, कृत्रिम पाय बनवणारं. तिथे जा. फोनसावानला प्राचीन दगडी रांजणांच्या पठारावर गेलात तर जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा दिसतील. पांढऱ्या बाजूची जमीन साफ केलेली आहे. लाल बाजूला फोटोसाठीही पाऊल टाकायचं नाही.

वाटसरू_नाशिक

+१. कोपला आम्ही अर्धा तास म्हणून गेलो, अडीच तास होतो. बाहेर आल्यावर मेहुणा संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

फिरकी_गोलंदाज

डॉल्फिन विसरलात का सगळे? डोन खोन बेटाजवळ इरावडी डॉल्फिन दिसतात, होडीवाले नेतात. मी २०१४ ला पाहिलेत.

दूरचा_दिवा

@फिरकी_गोलंदाज, तुम्ही नशीबवान. लाओसच्या बाजूचा शेवटचा डॉल्फिन २०२२ मध्ये मेला. खाली कंबोडियाच्या हद्दीत अजून आहेत.

फिरकी_गोलंदाज

अरेरे. हे माहीत नव्हतं. माझ्याकडे एका पाठीचा धूसर फोटो आहे, इतके दिवस त्याची लाज वाटायची.

माजघरातून

मधला_बर्थ, लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खूंची रांग असते, भगव्या वस्त्रातली. तिथे पर्यटकही भात वाढायला बसतात. तुम्हीही बसा, फार छान अनुभव.

दूरचा_दिवा

ताई, असहमत. ते श्रद्धेने रोज वाढणाऱ्यांचं आहे. विकतच्या भाताच्या टोपल्या घेऊन, बसून, फोटो काढून घेणाऱ्यांची तिथे गर्दी झाली आहे. रस्त्याच्या पलीकडून, गप्प, फ्लॅश न मारता बघावं. वारीत मधे शिरून कोणी सेल्फी काढला तर आपल्याला कसं वाटेल?

माजघरातून

वारीत काढतातच की. पण मुद्दा पोचला.

पोकळ_बांबू

पैसे, जेवण झालं. भांडणाचं कोणीच सांगेना. माझा नियम: दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेगळे व्हा. एक दिवस तू तिकडे, मी इकडे, रात्री जेवताना भेटू. आणि हे निघायच्या आधी ठरवा. भांडण झाल्यावर 'जरा वेगळे फिरू' म्हटलं की तो घटस्फोट वाटतो.

मधला_बर्थ | १९ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. पंताला दुवा पाठवला आहे. त्याने सगळं वाचून फक्त एक उत्तर दिलं: "म्हशीचं कातडं?"

मधला_बर्थ | ११ फेब्रुवारी

धागा वर काढतोय. आलो परत. दोघंही.

सामायिक पाकीट केलं. पंताच्या मुलीची निळी पेन्सिल पाऊच. रोज सकाळी पंत त्यात नोटा टाकायचा, चेन लावायचा आणि दोनदा ओढून बघायचा. पहिले चार दिवस काही झालं नाही. बोटीवर तर मजाच आली. पुढची जागा धरली, थेपले खाल्ले, दोन्ही काठांना डोंगर आणि पाण्यात उभ्या म्हशी. (पंत त्यांच्याकडे अपराधी नजरेने बघत होता.) सांडगी_मिरची, तुमचे 'बो साय' त्याने तळहातावर देवनागरीत लिहून घेतले होते. पाकबेंगच्या खाणावळीतल्या बाईने त्याचा हात धरून वाचायचा प्रयत्न केला, नवऱ्याला बोलावलं, मग सगळं घर येऊन हात बघून गेलं. शेवटी चिकट भात, तळलेला कोबी आणि शेंगदाणे मिळाले.

भांडण झालं ते लुआंग प्रबांगच्या धक्क्यावर. वाटसरूंनी बजावून ठेवलं होतं तरी, टुकटुकवरून. पंताच्या मते माणशी वीस हजार किप जास्त होते. तीन शून्यं झाका, चारने गुणा: ऐंशी रुपये. तळपत्या उन्हात चाळीस मिनिटं. एकेक करून सगळी गोरी मंडळी निघून गेली. मी म्हणालो, "अरे, ऐंशी रुपये आहेत." तो म्हणाला, "प्रश्न ऐंशीचा नाही." मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्यात होस्टेलच्या मेसमधल्या डाळीचाही उल्लेख होता. टुकटुकवाला मात्र दर वाक्याला "बो पेन यांग" म्हणत होता. काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ. शेवटी त्याने आम्हाला त्याच दराने नेलं.

दोन दिवस आम्ही फक्त 'पाणी दे', 'चावी कुठेय' एवढंच बोललो. क्वांग सी धबधब्यावर इतकं निळं पाणी, आणि आम्ही वेगवेगळ्या डोहांत.

मग पोकळ_बांबू आठवले. उशिरा, पण आठवले. पाऊच उघडली, निम्मे निम्मे केले. मी गाडीने वांग व्हिएंगला गेलो. ही चीनपर्यंत जाणारी नवी रेल्वे, डिसेंबर २०२१ ला सुरू झालेली. रस्त्याने अर्धा दिवस खाणारं अंतर तासाभरात. (स्टेशनवर सामान तपासतात, माझा डासांचा स्प्रे काढून घेतला.) पंत व्हॅनने फोनसावानला गेला, रांजण बघायला. त्याच्या यादीत ते नव्हतंच. दूरचा_दिवा यांचा प्रतिसाद वाचून त्याने ठरवलं होतं, मला न सांगता.

मी वांग व्हिएंगला तीन दिवस काय केलं? चुनखडीच्या डोंगरांकडे बघत नदीकाठी बसलो. छान होतं. एकटं असल्याचं सुख पहिल्या संध्याकाळपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी एका फलकावर 'शाकाहारी चिकन' लिहिलेलं दिसलं आणि दाखवायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी व्हिएन्टिनला पातुसायच्या कमानीखाली भेटलो. विमानतळाच्या धावपट्टीसाठी अमेरिकेने दिलेलं सिमेंट लाओसवाल्यांनी या कमानीत घातलं, म्हणून तिला उभी धावपट्टी म्हणतात. एरवी हे पंताने मला तीनदा ऐकवलं असतं. तो गप्प होता. खिशातून एक चमचा काढून त्याने माझ्या हातात दिला. ओबडधोबड, इतका हलका की हातात काही आहे असं वाटू नये. तिकडच्या एका गावात लढाईतल्या भंगाराचं ॲल्युमिनियम वितळवून घरोघरी असे चमचे ओततात. म्हणाला, "लाल-पांढऱ्या खुणेपासून दोन पावलांवर एक मुलगा गाई चारत होता रे. लाल बाजूला." बाकी काही बोलला नाही. शीटमध्ये चमचा 'चहा' खाली लिहिलाय, मी पाहिलं.

पुढची गंमत. व्हिएन्टिन ते पाक्से रात्रीची झोपायची बस. तिकीट काढताना कोणी सांगितलं नाही की एका बर्थवर दोन माणसं असतात. रुंदी आपल्या रेल्वेच्या बर्थपेक्षा थोडी जास्त. चाळिशीतले दोन गृहस्थ, एक पांघरूण, दहा तास. पहाटे दोनला पंताने अंधारात विचारलं, "डाळ खरंच इतकी वाईट होती?" मी म्हणालो, "हो." इतकं हसलो की खालच्या जर्मन बाईंनी छताला टकटक केलं.

वट फूला गेलो, कातळकडा. झऱ्याखाली डोकं धरलं. आजीबाई भेटल्या नाहीत, चाफ्याचा सडा होता. बेटांवर फ्रेंचांच्या जुन्या रेल्वेपुलावरून सायकली चालवल्या, धबधबा बघितला. दक्षिणेबद्दल सवडीने वेगळं लिहीन.

बोटावरचे_गणित

पाऊचमध्ये किती उरले?

हरभऱ्याचं_झाड

वाचलं. नाशिकच्या मित्राला आज फोन केला. उचलला नाही. उद्या परत करून बघतो.

वाटसरू_नाशिक

@हरभऱ्याचं_झाड, पत्ता कळवा, मी जाऊन दार वाजवतो.

मेस_सेक्रेटरी (नवीन सदस्य)

नमस्कार. मी पंत. तीन दुरुस्त्या.

एक, टुकटुकचा फरक वीस नाही, पंधरा हजारांचा होता. दोन, वाद पंचवीस मिनिटं चालला, बोट लागल्याची वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे. तीन, त्या बर्थवर मी रात्रभर जागा होतो. त्याचं कारण धागाकर्त्याने मोठ्या खुबीने गाळलं आहे. ते कारण बसच्या पुढच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं.

पाऊचमध्ये ३७,००० किप शिल्लक आहेत. इथे बदलून मिळत नाहीत, म्हणून तशाच ठेवल्या आहेत. थेपल्यांचे पैसे अजून शीटमध्ये आलेले नाहीत, वहिनींना विचारून कळव.

सांडगी_मिरची ताई, तुमच्यामुळे ती चटणी टळली. दिराला सांगून टाका.

खारे_दाणे

मेस_सेक्रेटरी, स्वागत. डाळीबद्दल तुमची बाजू ऐकायला आवडेल.

उशिरा_आलो

पूर्ण धागा वाचायला वेळ झाला नाही. लाओसला भारतीयांना व्हिसा लागतो का?